मागं राहिलात तरी घड्याळ चालू राहतं का, ते बघा

सेलूच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. वय ३८, बदली होऊन परभणीत आल्यात, दिवसभर खुर्चीतलं काम. रक्त तपासलं तर साखर काठावर निघाली आणि डॉक्टरांनी सांगितलं, चालायला-पळायला लागा. मुलगी १२ वर्षांची, गेल्या वर्षी शालेय स्पर्धेत ६०० मीटरला तालुक्यात दुसरी आलेली. दोघींनी मिळून एखादा ॲथलेटिक्सचा क्लब धरावा असं त्यांच्या मनात आहे. विचारतात, क्लब बरा की वाईट हे बाहेरच्या माणसानं ओळखायचं कसं? दोघींना एकच चालेल का? आणि मग जरा चाचरत, "मी सगळ्यांच्या मागं राहीन, लोक हसतील, त्याचं काय?"

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. मागं राहालच. पहिले दोन-तीन महिने तर नक्कीच. आणि क्लब ओळखायची खूणही तीच आहे. मागं राहिलेल्या माणसाचं तिथं काय होतं, एवढंच बघा.

नाव नोंदवायच्या आधी आठवडाभर नुसतं बघायला जा. पहाटे साडेपाचला थर्मासमध्ये चहा घेऊन कट्ट्यावर बसा. पुढं पळणाऱ्यांकडं बघू नका, ते सगळ्या मैदानांवर सारखेच दिसतात. सगळ्यात मागच्यावर नजर ठेवा. तो शेवटचा लॅप, म्हणजे मैदानाची शेवटची फेरी, पुरी करतो तेव्हा सरांच्या हातातलं स्टॉपवॉच चालू असतं, की पहिले चार आले नि घड्याळ खिशात गेलं? बाकीचे पाय मोकळे करत थांबलेले असतात, की पिशव्या उचलून पोह्याच्या गाड्यावर पोचलेले असतात? मागं एकदा दुसऱ्या जिल्ह्यात गेलो असताना असाच कट्ट्यावर बसलो होतो. बारावीतला एक जाडसर पोरगा १६०० मीटरला सगळ्यांच्या दीड लॅप मागं. शर्ट पाठीला चिकटलेला, तोंड लालबुंद. तो रेषेवर आला तसं तिथल्या सरांनी पहिल्या नंबराची वेळ जितक्या मोठ्यानं वाचली होती तितक्याच मोठ्यानं त्याची वाचली, "आठ चौपन्न! परवापेक्षा अकरा सेकंद कमी!" आणि वहीत लिहून घेतली. पोरगं गुडघ्यावर हात टेकून हसत होतं. त्या सरांचे किती खेळाडू राज्यावर गेले ते मी विचारलंच नाही. विचारायची गरज वाटली नाही.

ती वही म्हणजे दुसरी खूण. ज्या प्रशिक्षकाकडं वही नाही तो सगळं आठवणीवर चालवतो, आणि आठवणीत फक्त जिंकणारे राहतात. "सर, नव्या माणसाची नोंद तुम्ही कशी ठेवता?" असं सरळ विचारा. उत्तराऐवजी भिंतीवरच्या मेडल-ट्रॉफ्यांकडं बोट दाखवलं, तर नमस्कार करून उठा.

आता एक घोळ आधी सोडवू. आपल्याकडं जिल्ह्याच्या गावात 'क्लब' या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि माणसं चुकीच्या दारात शिरतात.

सगळ्यात जास्त दिसतात त्या भरतीच्या अकॅडम्या. मराठवाड्यात पळणारी बहुतेक पोरं पोलीस नाहीतर सैन्यासाठीच पळतात, आणि त्यात कमी लेखण्यासारखं काही नाही. कोरडवाहू शेती, दर दोन-चार वर्षांनी दुष्काळ, गावात दुसरं काम नाही. पाय हेच भांडवल. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची. पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर, आणि दोघांनाही १०० मीटर नि गोळाफेक. अकॅडमीचा सगळा हिशेब याच तीन गोष्टींचा आणि जाहिरातीच्या तारखेचा. जाहिरात निघाली की दोनशे पोरं, निकाल लागला की वीस. तीन महिन्यांत वेळ खाली आणायची म्हणून रोज दमछाक. विशीतला पोरगा ते कसंबसं सोसतो. तुमच्या ३८ वर्षांच्या गुडघ्यांना आणि लेकीच्या वाढत्या हाडांना ते सोसायचं नाही.

या अकॅडम्यांबद्दल अजून एक सांगून टाकतो. सगळीकडं नाही, पण काही ठिकाणी चाचणीच्या सकाळी 'ताकदीचं इंजेक्शन' फिरतं. मेफेन्टरमीन नावाचं औषध आहे, ऑपरेशनच्या वेळी घसरलेला रक्तदाब वर आणायला डॉक्टर वापरतात. पोरं ते स्वतःच टोचून घेतात. स्पर्धेच्या काळात बंदी असलेल्या उत्तेजकांच्या जागतिक यादीत ते आहेच, पण बंदी राहू द्या बाजूला. उन्हात, उपाशीपोटी, जिवाच्या आकांतानं पळताना काळजाचा ठोका बिघडला तर पोरगं तिथंच आडवं होतं. ज्या मैदानाच्या कुंपणाकडंला रिकाम्या सुया दिसतील तिथं दुसऱ्या दिवशी जाऊ नका.

दुसरा प्रकार जिल्हा ॲथलेटिक्स संघटनेशी जोडलेल्या क्लबाचा. साखळी अशी, की जिल्हा संघटना, तिच्यावर राज्य संघटना, आणि सगळ्यात वर १९४६ साली स्थापन झालेला भारतीय ॲथलेटिक्स महासंघ. इथं शाळेची पोरं असतात, धावण्याबरोबर उड्या नि फेकी असतात, वयोगट असतात. तुमच्या लेकीची जागा ही.

तिसरा हौशी ग्रुप. डॉक्टर, शिक्षक, दुकानदार, बँकवाले, निवृत्त तहसीलदार. एकसारखे टी-शर्ट, व्हॉट्सॲपवर पहाटे चारपासून 'सुप्रभात', रविवारी लांब पल्ला आणि मग इडली. थट्टा करतोय खरा, पण चाळिशीतल्या माणसाला अंथरुणातून उठवायचं काम हाच ग्रुप करतो, कुठला प्रशिक्षक करू शकत नाही. तुमची जागा इथं. एकच सांभाळा. या ग्रुपांत सहाव्या महिन्यात 'हाफ कधी मारताय?' हा प्रश्न सुरू होतो. हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर, आणि ती 'मारायची' गोष्ट नाही. वर्षभर तरी त्या प्रश्नाला हसून उत्तर द्या.

तेव्हा दोघींना एक क्लब नको. एक मैदान आणि एक वेळ असू द्या. तुम्ही बाहेरच्या कडेनं तुमच्या मंडळींबरोबर, ती आत तिच्या पोरांबरोबर. तुमची नजर तिच्यावर राहील आणि तिला प्रत्येक लॅपला आईची सूचना ऐकावी लागणार नाही. आई-बाप काठावरून ओरडायला लागले की पोरगी घड्याळाऐवजी त्यांच्याकडं बघत पळते. अशी पोरं मी खूप बघितलीत.

आता तुमचं. आधी डॉक्टरांकडून रक्तदाब आणि ईसीजी बघून घ्या. साखर काठावर आहे आणि बैठं काम आहे, म्हणून एवढं तरी हवंच. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. मग पहिले दोन आठवडे फक्त चाला, अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. तिसऱ्या आठवड्यात एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं आठ वेळा. दर आठवड्याला पळायचं अर्धं मिनिट वाढवा. पळताना शेजारणीशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. "हो", "नाही" एवढंच निघत असेल तर वेग जास्त आहे. गॅस बारीक करतो तसा तो कमी करा.

इतकं हळू का, तर दम आणि हाडं यांची चाल वेगळी असते. दम पाच-सहा आठवड्यांत वाढतो. हाडं, घोट्याची शीर, गुडघ्याचे बंध यांना कैक महिने लागतात. म्हणून होतं काय, की दुसऱ्या महिन्यात माणसाला वाटतं, आता काय, पळूच! फुफ्फुसं 'चल' म्हणतात आणि नडगी नाही म्हणते. नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या वर चार बोटं, दाबलं की दुखतं. पोरं येऊन म्हणतात, "सर, नळी लई दुखायलीय." बऱ्याच जागेत पसरून दुखत असेल तर पळणं थांबवून आठ-दहा दिवस चालणं ठेवा, बर्फ लावा. एकाच टिचभर जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल आणि रात्रीही ठणकत असेल तर हाडाला तडा असू शकतो. त्याला तेल चोळून उपयोग नाही, हाडांच्या डॉक्टरला दाखवा.

बूट घ्याच, पण दहा हजारांचे नको. संध्याकाळी दुकानात जा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. अंगठ्याच्या पुढं अर्ध्या बोटाची जागा सोडा. बाजारपेठेत कंपनीचं नाव लावलेले नकली बूट चारशेला मिळतात, त्यांचा तळ दोन महिन्यांत पापडासारखा होतो. त्यापेक्षा साध्या कंपनीचे खरे घ्या. आणि ताई, बुटांइतकीच बायकांसाठी महत्त्वाची पळायची घट्ट स्पोर्ट्स ब्रा. पुरुष प्रशिक्षक हे सांगत नाहीत, लाजतात. मीही पहिली दहा वर्षं सांगितलं नाही. मग एका शिक्षिकाबाईंनी मला बाजूला घेऊन झापलं, तेव्हापासून सांगतो.

ट्रॅकवरची एक रीत सांगतो, नाहीतर पहिल्याच दिवशी कुणीतरी खेकसेल. प्रमाण ट्रॅक सगळ्यात आतल्या पट्ट्यात, म्हणजे पहिल्या लेनमध्ये, ४०० मीटरचा, प्रत्येक लेन १.२२ मीटर रुंद. पळायचं ते डावा हात आत ठेवून. पहिल्या दोन लेन वेळ लावून पळणाऱ्यांच्या. मागून "ट्रॅक!" अशी आरोळी आली की मागं वळून बघायचं नाही, उजवीकडं सरकायचं. चालणाऱ्यांनी सगळ्यात बाहेर. आपल्याकडं तिघी-तिघी, चौघी-चौघी हातात हात घालून पहिल्या लेनमधून सुनेच्या गोष्टी करत चालतात आणि शंभर मीटरवाला पोरगा स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, घालून मागून येतो. अपघात बघितलेत मी. आणि बाहेरून पळता म्हणून कमीपणा मानू नका. आठव्या लेनमध्ये एक लॅप ४५३ मीटरचा होतो. दहा लॅप काढले तर आतल्यापेक्षा अर्धा किलोमीटर जास्त झालं.

मैदानाच्या मापावरून माझीच एक गोष्ट सांगतो. बरीच वर्षं झाली. श्रावणात पाऊस उघडला तसा मी चुन्यानं ट्रॅक आखायला घेतला. वळणासाठी मधोमध खुंटी ठोकून ३६.५० मीटरची दोरी धरायची नि अर्धा गोल फिरवायचा, ही आमची पद्धत. दोरी सुती. ती आदल्या रात्री बाहेर भिजत पडलेली. सुती दोरी भिजली की आखडते, हे गावातल्या कुठल्याही बैलवाल्याला माहीत असतं. मला सुचलं नाही. त्यात ती एका जागी तुटली होती तर वर गाठ मारली. दोन-अडीच मीटर कमी भरली असणार. वळणं लहान झाली आणि अख्खा लॅप ३८५ मीटरचा. चार लॅप म्हणजे १६०० असं समजून आम्ही तीन महिने वेळा लावल्या. खरे होते १५४०.

त्यात एक पोरगा होता गंगाखेडकडचा. आई शेतमजूर, तो रोज सकाळी पहिल्या गाडीनं यायचा. आमच्या ट्रॅकवर त्याची वेळ ५ मिनिटं २ सेकंद. १६०० मीटरला ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आलं की भरतीत पूर्ण २० गुण. आम्ही निवांत. चाचणीत त्याला ५ मिनिटं १४ सेकंद लागले. साठ मीटर कमी पळत होता तो रोज, त्याचे बारा सेकंद. पोरगं परत आलं, मला म्हणालं, "सर, काय झालं कळंना, पळताना तर बरं वाटूलालतं." मी त्या दुपारी स्टीलची टेप घेऊन एकटाच मैदानावर गेलो आणि मोजलं. पुढच्या भरतीत तो लागला, आता पोलिसात आहे. पण ते वर्ष त्याचं माझ्यामुळं गेलं, आणि ते मी त्याला सांगितलं. म्हणून म्हणतो, ज्या मैदानावर जाल तिथं विचारा, लॅप मोजलाय का, कशानं, कधी? घड्याळातल्या जीपीएसवर जाऊ नका, वळणावर ते कोपरे कापतं.

आता लेकीचं, आणि इथं जरा जास्त लिहितो.

बारा वर्षांची पोरगी ६०० मीटरला दुसरी आली की घरात लगेच 'आठशेची खेळाडू' म्हणून शिक्का बसतो. बसवू नका. या वयात जी पोरगी आठ महिने आधी उंच झाली ती जिंकते, बस एवढंच असतं पुष्कळदा. महासंघाच्या आंतरजिल्हा ज्युनिअर स्पर्धेत १४ वर्षांखालच्या मुलांना म्हणूनच मुख्यतः ट्रायथलॉन देतात, म्हणजे ६० मीटर आणि त्याच्या जोडीला उडी, फेक किंवा ६०० मीटर असं तीनचं मिळून. पोरानं सगळं शिकावं, एकाच गोष्टीला जुंपू नये, हा त्यामागचा विचार. चांगल्या क्लबात तुमची लेक आठवड्यातून एक-दोन दिवसच खरी पळेल. बाकी दिवस दोरीवरच्या उड्या, लहान अडथळे, चेंडूफेक, शिवाशिवी, रिलेची दांडी द्यायची-घ्यायची. तुम्हाला वाटेल नुसता खेळच चाललाय. तो खेळच पाहिजे. धाराशिवच्या खो-खोच्या मुली बघा, सारिका काळेला तर २०२० सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या खेळात जी दिशा बदलायची चपळाई येते ती ट्रॅकवर गोल-गोल फिरून येत नाही. शाळेत खो-खो असेल तर तोही सोडवू नका.

अविनाश साबळेचं नाव आता प्रत्येक आई-बाप घेतात. त्याची गोष्ट नीट बघा. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. लहानपणी शाळेला सहा किलोमीटर जाणं-येणं. बारावीनंतर सैन्यात गेला आणि तिथं विशी उलटल्यावर क्रॉस कंट्रीत, म्हणजे माळरानावरच्या लांब शर्यतीत, पळायला लागला. मग ३००० मीटर स्टीपलचेस. साडेसात लॅप, २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरची उडी. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंद, रौप्य, सोनं हुकलं ते एका सेकंदाच्या विसाव्या भागानं. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सोनं. २०२४ मध्ये पॅरिसला आधी ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम आणि मग ऑलिंपिकची अंतिम फेरी. बाराव्या वर्षी त्याला कुणी रोज दहा किलोमीटर पळवलं असतं तर काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही, पण तशी पळवलेली पोरं सतराव्या वर्षी कुठं असतात ते मला माहीत आहे. मैदानावर नसतात.

आणि आपल्या परभणीचीच ज्योती गवते आहे की. २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणणाऱ्यांना आम्ही तेव्हा दोन दिवस बोलू दिलं नव्हतं. पण मॅरेथॉन ही मोठ्या माणसांची शर्यत आहे, मोठ्या स्पर्धांत पूर्ण ४२ किलोमीटरसाठी १८ वर्षं पुरी झालेली लागतात. बाराव्या वर्षीच्या पोरीला गावातल्या दहा किलोमीटरच्या 'रन'मध्ये फोटोसाठी उतरवू नका.

लेकीची हिमोग्लोबिन तपासणी वर्षातून दोनदा करा. हे मी प्रत्येक मुलीच्या आईला सांगतो. पाळी सुरू झाली, सराव वाढला, जेवण तेवढंच राहिलं की पोरगी हळूहळू मागं पडते. सर ओरडतात 'आळशी झाली', घरचे म्हणतात 'मोबाइल बघते', आणि तपासलं तर हिमोग्लोबिन आठ-नऊ. बारा तरी पाहिजे. जेवणाबरोबरचा चहा बंद, कारण चहा लोह अंगाला लागू देत नाही. पालेभाजी-वरणावर लिंबू पिळा, ते लागू देतं. गोळ्या लागल्या तर डॉक्टर देतील. बाकी खुराक आपला घरचाच फर्स्टक्लास आहे. ज्वारीची भाकरी, तुरीचं घट्ट वरण, मोडाची मटकी, मूठभर शेंगदाणे नि गूळ, चालत असतील तर दोन अंडी, अर्धापूरकडची केळी. डब्यातल्या पावडरी विकणारा प्रशिक्षक भेटला तर तो दुकानदार आहे असं समजा. पाळी लांबली किंवा दोन-तीन महिने आलीच नाही तर 'खेळाडूंचं असंच असतं' हे कुणाचंही ऐकू नका, डॉक्टरीणबाईंना दाखवा. आणि ज्या सरांसमोर पोरीला 'आज पोट दुखतंय' एवढंही म्हणता येत नाही, तिथं ती टिकणार नाही.

सुरक्षेचं स्पष्ट बोलतो. मुलींच्या गटाबरोबर एक तरी बाई प्रशिक्षक किंवा पालक असली पाहिजे. मालिश प्रशिक्षकानं करायची नाही, कुणाचीच. बाहेरगावच्या स्पर्धेला मुलींसोबत महिला व्यवस्थापक जाते का, राहायची सोय कुठं, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. एकटीला फोन-मेसेज नाही, सगळं पालकांच्या ग्रुपवर. यावर ज्या सरांच्या कपाळाला आठी पडेल, त्यांना तुमची पोरगी देऊ नका. मैदानावर उजेड आणि मुलींसाठी दार लागणारं स्वच्छतागृह आहे का, तेही आधी बघून या. अर्ध्या मुली या एका कारणानं सोडतात आणि कारण सांगत नाहीत.

कागदपत्रांत एकच गोष्ट जीव लावून सांगतो, जन्मतारीख. "दोन वर्षं कमी लावू, खालच्या गटात मेडल पक्कं" असं सांगणारे भेटतील. महासंघ खालच्या गटांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघतो. सापडलं तर पोरीचं नाव जातं, सांगणारा दुसरीकडं दुकान मांडतो. शाळेचा दाखला, जन्म प्रमाणपत्र, आधार, तिन्हींवर एकच तारीख आणि एकच स्पेलिंग आजच करून घ्या, नाहीतर स्पर्धेच्या आदल्या दिवशी तहसीलला धावायची पाळी येते. महासंघाचा नोंदणी क्रमांक क्लब काढून देतो. प्रमाणपत्रं जपून ठेवा. सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाला कुठलीही कागदं चालत नाहीत, स्पर्धेचा दर्जा आणि क्रीडा खात्याची पडताळणी लागते. 'राष्ट्रीय' नाव लावून कुठल्यातरी शहरात भरवलेल्या, पाच हजार घेऊन मेडल वाटणाऱ्या स्पर्धा आहेत. त्यांची प्रमाणपत्रं भिंतीवर छान दिसतात.

फीबद्दल फार लिहीत नाही. वर्षभराची एकदम मागणाऱ्याला महिन्याची देतो म्हणा. पावती घ्या.

हवेचं मात्र बोलायला पाहिजे, कारण पुण्या-मुंबईच्या लोकांनी लिहिलेली वेळापत्रकं आपल्याकडं चालत नाहीत. परभणीला उन्हाळ्यात पारा ४२-४४ वर जातो. मार्चअखेरपासून साडेपाचला सुरू करून साडेसहाला संपवा, संध्याकाळचं सोडून द्या, कारण सात वाजतासुद्धा जमीन भट्टीसारखी तापलेली असते. घरून निघताना पाणी पिऊन निघा. घाम फार गेला तर लिटरभर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर नि अर्धा चमचा मीठ, झालं ओआरएस. पळताना अंगावर काटा आला, घाम थांबला, बोलणं अडखळलं, की थांबायचं, सावली, अंगावर पाणी, पंखा आणि दवाखाना. पावसाळ्यात आपली काळी माती. तिच्यात एकदा पाय घातला की एकेक बूट किलोचा होतो आणि घोटा मुरगळतो. तेव्हा मुरमाची वाट नाहीतर कृषी विद्यापीठाकडचे रस्ते धरा, पण डांबरावर रोज नको. आणि हिवाळा! डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा पाच-सहावर येतो, तेव्हा दहा मिनिटं अंग गरम केल्याशिवाय जोरात पळालात तर मांडीची शीर धरलीच समजा. पण वर्षातला सगळ्यात चांगला सराव याच दोन महिन्यांत होतो. नेमका तेव्हा आमच्या मैदानावरचा चौथा हिस्सा पोरं ऊसतोडीला गेलेल्या आई-बापांबरोबर नसतातच. ती मार्च-एप्रिलला परत येतात, काटक होऊन, पण अर्धपोटी. त्यांना पहिला महिना मी घड्याळ लावत नाही.

तुम्ही कुठल्याही मैदानावर गेलात तरी रविवारी पहिल्यांदा जाऊ नका. रविवारी सगळे फोटोसाठी येतात आणि सरांना बोलायला वेळ नसतो. मंगळवारी किंवा बुधवारी जा. लेकीला जुनेच बूट घालू द्या, नव्या बुटांनी पहिल्याच दिवशी फोड येतो. तुम्ही सुती ओढणी घरी ठेवा, साधी कुर्ती-लेगिंग चालते. पाण्याची बाटली, एक केळं, आणि वर सांगितलेली वही तुम्हीपण एक घ्या, दहा रुपयांवाली. पहिल्या पानावर तारीख टाका आणि लिहा, किती मिनिटं चालले.